पुंजारामभाऊ आणि देवघरातला प्रिंटर

पुंजारामभाऊंच्या दुकानाला पाटी नाही. होती, पण चार उन्हाळ्यांपूर्वी वावटळीत उडाली आणि समोरच्या लिंबात अडकली. ती काढून आणून भिंतीला टेकवली, आणि नेमकी तिच्याच मागं मांजरीनं पिल्लं घातली. भाऊंच्या बायकोनं, बेबीनंदावहिनींनी, मग पाटी हलवू दिली नाही. पिल्लं मोठी होऊन कुठं कुठं गेली, पाटी अजून तिथंच आहे. अडत काही नाही. वाटूर फाट्यावर उतरून कुणालाही झेरॉक्सचं दुकान विचारा, तो हातानंच दाखवतो.

भाऊ मूळचे धावड्याकडचे. पोरवयात जालन्याला टायपिंगच्या क्लासमध्ये झाडलोट करायला राहिले. झाडता झाडता टायपिंग शिकले आणि त्याहून जास्त, टाइपरायटर उघडून बघायला शिकले. पुढं टाइपरायटर गेले, झेरॉक्स आलं, प्रिंटर आले. भाऊ प्रत्येक मशीन उघडत गेले. बायकोचं माहेर वाटूरचं, म्हणून दुकान इथं. आता पंचावन्नच्या पुढं आहेत. खिशात पेन एक आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कापलेल्या पट्ट्या पाच-सहा. मशीनच्या पोटात कागद अडकला की ते पत्रिकेची पट्टी घालून काढतात. म्हणतात, "चिमटा वरखडे पाडतो ताई. पत्रिकेचा कागद कडक बी असतो अन् नरम बी."

माझी त्यांची ओळख तृप्तीमुळं झाली.

तृप्ती माझी लेक. तिची नजर जन्मापासून कमी. चष्मा आहे, पण चष्म्यानं जेवढं व्हायचं तेवढंच होतं. पुस्तकातलं अक्षर तिला मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. शाळेत फळ्यावरचं ती बघत नाही, ऐकते. आणि ऐकलेलं विसरत नाही. पहिली-दुसरीला त्यावरच निभावलं. तिसरीपासून मी तिच्यासाठी धडे हातानं लिहायला लागले. बिनरेघी वही आणि जाड काळा स्केचपेन, एका पानावर सात-आठ ओळी. भाकरी झाल्या की बसायची. इतिहासाचं सगळं पुस्तक मी असं दोनदा लिहिलंय, त्यातल्या लढायांच्या तारखा मला अजून पाठ आहेत. पाचवीपासून पुस्तकं जाड झाली आणि माझं मनगट धरलं. मग मी पुस्तक घेऊन फाट्यावर गेले.

भाऊंनी पुस्तक उघडलं, एक पान मोठं करून काढलं आणि विचारलं, "कुणासाठी?"

मी सांगितलं.

"मंग पुढच्या वेळेला तिलाच घेऊन या. डोळे तिचे, मी तुम्हाला विचारून काय करू?"

दोन वर्षं त्यांनी आम्हाला पानं मोठी करून दिली. गिऱ्हाइकांची रांग असली तरी तृप्तीला स्टुलावर बसवायचे. वहिनी तिला चिवड्याची वाटी द्यायच्या. पण घरी आली की ती पानं तिरकी धरून, मान वाकडी करून वाचायची आणि थोड्या वेळानं ठेवून द्यायची. मला वाटायचं आळस करते. एकदा मी रागावलेसुद्धा.

ती सातवीत गेली तेव्हा जूनमध्येच मीना मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. वर्गशिक्षिका त्या, मनानं चांगल्या. म्हणाल्या, "तृप्ती हुशार आहे. पण ती वाचते की पाठ म्हणते, हे मला कळत नाही. ऐकून ऐकून आठवीपर्यंत जाईल, पुढं काय? शहरात अशा मुलींची निवासी शाळा आहे. तिथं सगळी सोय आहे. विचार करा."

तृप्तीचे पप्पा घरी आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. जेवताना म्हणाले, "तिचं चांगलं होत असंल तर आपण आपलं रडणं कामून मधी घालावं?" आणि ताट तसंच ठेवून उठले.

तृप्ती उंबऱ्यात होती. म्हणाली, "मला वाचता येतं. अक्षर नीट असलं तर येतं."

मी मॅडमकडं परत गेले. त्यांनी मुदत दिली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सहामाहीची तोंडी परीक्षा. त्या दिवशी त्या तिला कधीही न ऐकलेला उतारा देणार. तिनं वाचला तर ती इथंच राहील आणि पुढच्या परीक्षांचे मोठ्या अक्षरातले कागद शाळा बघेल. नाही वाचला तर दिवाळीनंतर शहरातली शाळा.

हे मी भाऊंना सांगितलं तेव्हा ते झेरॉक्सचं झाकण उघडून बसले होते. हात पुसत उठले. कपाटाच्या वरून एक जुना, धूळ बसलेला शाईचा प्रिंटर काढला, त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसून पुसून, चौथ्या खेपेला त्यावर तेच पान छापलं जे मोठ्या मशीनवर छापायचे. दोन्ही पानं तृप्तीच्या हातात दिली आणि तिला ट्यूबलाइटखाली उभं केलं.

"सांग बाई, कोणतं बरं?"

तिनं एक पान हलवलं, दुसरं हलवलं. "ह्याच्यात अक्षरं चकाकतेत. ह्याच्यात न्हाई."

भाऊ खुर्चीवर बसले. "दोन वर्षं," ते म्हणाले. "दोन वर्षं मी ह्या लेकराला चकाकणारी अक्षरं देऊन राह्यलो. झेरॉक्सची पावडर वितळून कागदावर बसती ताई, तिला चमक असती. आपल्याला कळत न्हाई. शाई कागदात मुरती, तिला चमक न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही घरी शाईचा प्रिंटर घ्या. हे जुनं मशीन आज चाललं, उद्या चालायचं न्हाई."

वहिनी आतून म्हणाल्या, "घ्या! महिन्याला शंभर पानं काढणारं गिऱ्हाईक, तेबी घरी धाडा. मंग आपण मांजरी पाळू."

"पाळलीच की तू," भाऊ म्हणाले.

रविवारी ते आमच्याबरोबर जालन्याला आले. दुकान बंद ठेवून. पिशवीत त्यांनी घरून बदामी कागद आणले होते, पांढऱ्या कागदाचा उजेड तृप्तीला टोचतो हेही त्यांनीच शोधून काढलं होतं. दुकानातला मुलगा चटपटीत. त्यानं एक छोटा, दिसायला गोंडस प्रिंटर पुढं केला. स्वस्त होता. मला तर आवडलाच.

"ह्याच्यात शाईची डबी किती पानं चालती?" भाऊंनी विचारलं.

मुलगा म्हणाला, "काका, घरी कोण एवढी पानं काढतं?"

"ही काढती. मशीन सस्तं अन् शाई महाग. दिवाळीपर्यंत ह्याची डबी तीनदा संपंल, मंग ताई म्हणतील राहू दे आता. टाकीवालं दाखव, ज्याच्यात बाटलीनं शाई भरता येती."

टाकीचे तीन होते. भाऊंनी प्रत्येकावर आपला बदामी कागद घालून एकच पान काढायला लावलं. मग जिभेला बोट लावून ओल्या बोटानं अक्षरं घासली. पहिल्या पानाची शाई पसरली. दुसऱ्याचीही. तिसऱ्याची जागची हलली नाही.

"हे काय करता काका?"

"ही पोरगी अक्षराखाली बोट धरून वाचती. घामाचं बोट. पुसणारी शाई काय कामाची?" मग ते तिसरं पान तृप्तीला दिलं. "बघ गं. चकाकतंय का?"

"न्हाई."

"नीट बघ. दारात जाऊन, उजेडात बघ."

मुलगा हसला. "घेणार तुम्ही का पोरगी?"

"वाचणार ती," भाऊ म्हणाले, "म्हणून घेणार बी तीच."

तृप्ती दारातून ओरडली, "हाच!" रस्त्यावरची चार माणसं वळून बघायला लागली.

मोबाइलवरून छापता येतं, फोटो काढता येतात, असं पुष्कळ तो मुलगा सांगत होता. भाऊंनी त्यातलं मोबाइलचं तेवढं ठेवलं, बाकी म्हणाले, असू दे, खात न्हाई ते काही.

घरी आल्यावर ओसरीवर बसून त्यांनी खोकं उघडलं, बाटल्यांनी शाई भरली, तृप्तीच्या पप्पांना सगळं समजावलं. दोन गोष्टी तीनदा सांगितल्या. एक, शाई भरलेलं मशीन आडवं-तिडवं करायचं नाही. दुसरी, रोज एक तरी पान काढायचं. "आठ दिवस झाकून ठेवलं की शाई तोंडातच सुकती." मशीन ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. घरात मागल्या हंगामातला कापूस भरलेला, सगळीकडं त्याची कसपटं. एक देवघराची खोली तेवढी फरशीची आणि स्वच्छ. देव्हाऱ्याशेजारच्या दगडी फळीवर तो ठेवला. पप्पांनीच आत नेला. भाऊ ओसरीवर बसून राहिले. मी "आत या की" म्हटलं, पण मोठ्यानं म्हटलं नाही. सासूबाई दाराशी बसल्या होत्या. भाऊंनी चहा घेतला आणि गेले. ही गोष्ट मला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिली.

तेव्हापासून आमच्या घरी सांजेला दिवा लागला की एक पान निघायला लागलं. सरकारच्या साइटवर पुस्तकं फुकट मिळतात, ती मी मोबाइलवर मोठी करायची. मशीन घुर्र करायचं, पान बाहेर यायचं, तृप्ती देव्हाऱ्यासमोर पाटावर बसून वाचायची. मान वाकडी करायची नाही. सासूबाई, साळूबाई त्यांचं नाव, जपमाळ ओढता ओढता ऐकायच्या. महिन्याभरात त्यांना विज्ञानाचे धडे कळायला लागले. एकदा मला म्हणाल्या, "शिवकन्या, झाडं बी श्वास घेतेत म्हणं. अन् आपण सांजच्याला फुलं तोडत न्हाई ते बराबरच हाय बघ."

खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. खुरपी, विळे, फवारणीचा पंप, माझं शिलाई मशीन. त्या वर्षी प्रिंटरही. आंघोळ करून मी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. परीक्षा दोन दिवसांवर आली म्हणून दोन चिमटी जास्तच टाकल्या. हात जोडून म्हटलं, देवा, हिला इथंच राहू दे.

दसऱ्याच्या सकाळी तृप्तीनं रोजच्यासारखं पान काढायला घेतलं. मशीन कर्रकर्र करायला लागलं. कागद अर्धा आत गेला, तिरका झाला, फाटला. दुसरा घातला, तोही फाटला. लाल दिवा लागला. मी वाकून मागं बघितलं तर कागद घालायची फट वर उघडीच. तिच्या तोंडाशी अक्षतेचा पिवळा दाणा दिसत होता.

मॅडम उतारा मोबाइलवर पाठवणार होत्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. तो मी घरी छापून, दुमडून, न बघता तृप्तीबरोबर द्यायचा, एवढा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी मशीन उचलून पालथं करायला निघाले. तृप्तीनं हात धरला. "आई, भाऊकाकांनी सांगितलंय!"

भाऊंचा फोन लागेना. फाट्यावर गेले तर दुकान बंद. मग लक्षात आलं, आज त्यांचा मोठा दिवस. धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहाराकडं गेले. सगळे पांढऱ्या कपड्यात. वंदना होऊन गेली होती, खीर वाटणं चालू होतं आणि मोठ्या पातेल्यापाशी भाऊच उभे, पांढराशुभ्र सदरा घालून. मी रस्त्यावरच थबकले. आमच्या सणाच्या चुकीसाठी त्यांना त्यांच्या सणातून कसं उठवायचं?

बेबीनंदावहिनींनी मला बघितलं. "अहो, ताई आल्यात. तोंड बघा त्यांचं, मशीनच बिघडलंय."

मी सांगितलं. अक्षतांचं सांगताना मला शरम वाटली.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "उपासाचं मशीन होतं का ताई? तांदूळ दिसले अन् तुटून पडलं." पळी दुसऱ्याच्या हातात दिली. वहिनींनी मला खिरीचा द्रोण दिला, म्हणाल्या, "हे खाऊन घ्या, मंग जा. तेवढ्यानं मशीन मरत न्हाई."

घरी आल्यावर भाऊ देवघराच्या उंबऱ्याशी थांबले. चपला तर त्यांनी अंगणातच काढल्या होत्या. मला हळूच म्हणाले, "मशीन भायेर आणता येईल का... पण न्हाई, शाई भरलेली हाय. हालवू नये."

मी काही बोलायच्या आत सासूबाई बोलल्या. "आत ये रे पुंजाराम. माझ्या देवापुढंच मशीन बसलंय रुसून, अन् तू भायेर उभा राहून काय त्याला हाका मारतूस?"

भाऊ आत आले. देव्हाऱ्याला त्यांनी पाठ केली नाही, कडेनं बसले. मशीनची वायर काढली. खिशातून पत्रिकेची पट्टी काढली, तिच्या टोकाला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. तृप्तीला मोबाइलचा उजेड धरायला सांगितलं. मग श्वास रोखून पट्टी फटीत सोडली, दाबली, वर ओढली. टोकाला एक अक्षत चिकटलेली.

"एक," तृप्ती म्हणाली.

दुसरी, तिसरी. झेंडूची एक पाकळी. चौथी.

"झालं का?" सासूबाई.

"आई, तुमची सून हात राखून वाहत न्हाई. अजून हाय." पाचवी कागद ओढणाऱ्या रुळाच्या खाली गेली होती. ती काढायला त्यांनी वरचं झाकण उघडलं, शाई सोडणारं डोकं बोटानं बाजूला सरकवलं, मनगटापर्यंत हात घातला. अर्धा तास गेला असेल. मग त्यांनी मूठ उघडली. तळहातावर काळा झालेला दाणा.

वायर लावली. कागद सरळ गेला, सरळ बाहेर आला. तृप्तीनं पान हातात घेतलं आणि तिथंच वाचायला बसली, जसं काही झालंच नव्हतं.

भाऊ उठले तेव्हा मला दिसलं, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर काळाभोर डाग. डोकं सरकवताना बाही शाईला लागली होती.

"भाऊ, सदरा! काढून द्या, मी आत्ता धुऊन देते."

ते डागाकडं बघून हसले. "ताई, पाण्यानं पुसत न्हाई ही शाई. बघूनच घेतली आपण."

आणि तसेच विहाराकडं परत गेले. सासूबाईंनी त्यांना आपट्याचं पान दिलं होतं. ते त्यांनी वरच्या खिशात ठेवलं, पट्ट्यांशेजारी.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता उतारा आला. मी डोळे अर्धे मिटून छापला, दुमडला. शाळेत मॅडमनी मला व्हरांड्यात उभं राहू दिलं. तृप्ती उभी राहिली, कागद सरळ धरला, बोट ठेवलं. शेततळ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांचा उतारा होता. पहिलं वाक्य तिनं वाचलं. मागून एक पोरगा कुजबुजला, "पाठ असंल हिला."

मॅडम म्हणाल्या, "हा उतारा मी काल घरी बसून लिहिलाय. कोणत्याच पुस्तकात नाही. गप बस."

चौथ्या ओळीत ती अडली. बोट थांबलं. मी खिडकीचा गज धरला. तिनं कागद डोळ्यांजवळ घेतला, पण तिरका केला नाही. "स्थ... लां... तरित. स्थलांतरित." आणि पुढं गेली. शेवटपर्यंत गेली. वाचून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, तिसऱ्या ओळीत बगळे लिहिलंय, पण ते तर बाराही महिने असतेत आपल्याकडं."

मॅडम हसल्या. व्हरांड्यात येऊन मला म्हणाल्या, "शाळा बदलायचं आता डोक्यातून काढा. तिचे परीक्षेचे कागद कोणत्या मशीनवर काढायचे, तेवढं मला सांगा."

मी तिथून थेट फाट्यावर गेले. भाऊ दुकानात होते. मी सांगायला लागले आणि मला रडूच आलं. त्यांनी स्टूल पुढं केलं. सगळं ऐकलं. मग विचारलं, "पान कसं निघाल्तं? रेघा तर न्हाई पडल्या?"

"न्हाई भाऊ."

"मंग ठीक." आणि नाक शिंकरायला दुकानाच्या मागं गेले. वहिनी मला म्हणाल्या, "काल रात्रभर कूस बदलत होते. रूळ वाकला तर न्हाई, रूळ वाकला तर न्हाई."

तृप्ती आता नववीत आहे, परतूरला बसनं जाते. प्रिंटर देवघरातच आहे. खंडेनवमीला त्यावर मी आधी कापड टाकते, कापडालाच कुंकू लावते, अक्षता वाटीत ठेवून वाटी पुढं मांडते. तो पांढरा सदरा भाऊ अजून दरवर्षी धम्मचक्र दिनाला घालतात. वहिनी बाही दुमडून देतात, ते सोडून ठेवतात. खीर वाढताना डाग सगळ्यांना दिसतो.

त्या दिवशीचे पाच दाणे सासूबाईंनी फेकू दिले नाहीत. डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवलेत, चार पिवळे, एक काळा. सांजेला दिवा लावताना ती डबी नजरेला पडते. मी नमस्कार करते. मग तृप्तीच्या पानासाठी मशीन चालू करते.